खुंटीवरची हॅट

१

कापड उचललं आणि व्हर्ना स्टोरलीच्या तोंडून अशी शिवी गेली, की तासाभरापूर्वीच मातीआड केलेल्या मिसेस ग्रिंडलनेही कूस बदलली असती.

कापडाखाली लाकडी ठोकळा होता आणि ठोकळ्यावर एक गवताची उन्हाळी हॅट, कड उसवलेली, बुजगावण्यालाही लाज वाटावी अशी. तिथे असायला हवी होती जोसाया ब्रॅडिनची हॅट. सॉरेल क्रीक गाव वसवणारा तो ब्रॅडिन. सत्तर वर्षांमागची, बीव्हर या पाणप्राण्याचे केस दाबून केलेल्या अस्सल फेल्टची त्याची हॅट गुरंवाल्यांच्या संघाने काचेच्या पेटीत ठेवली होती. दरवर्षी मे महिन्यात, स्थापनादिनाच्या आधी, ती चार दिवस सफाईसाठी या दुकानात येई. आधी व्हर्नाच्या बापाकडे आणि आता व्हर्नाकडे. अख्ख्या गावाच्या हॅटना तिच्यासारखीच घडी असे, माथ्यावर एक खोल खाच आणि पुढे दोन चिमटे. दुसरी घडी घालून कुणी रस्त्यात दिसला तर तो परगावचा समजावा.

"मायते!"

मायते मागच्या खोलीतून धावत आली. तेवीस वर्षांची, वेण्या डोक्याभोवती गुंडाळलेली, स्पेनच्या डोंगराळ मुलुखातून आलेल्या बास्क मेंढपाळाची मुलगी. चार वर्षं या दुकानात वाफेत हात भाजून घेतले होते तिने, आणि आता कड वळवण्यात ती व्हर्नाच्याही पुढे गेली होती.

"काय झालं, मिस व्हर्ना?"

"तूच बघ काय झालं ते!"

मायतेचा चेहरा पांढराफटक पडला. "दुपारी होती. मिस्टर ब्रॅडिन बघून गेले, मग मीच कापड टाकलं."

शेगडीपाशी थोर्वाल बसला होता. व्हर्नाचा धाकटा भाऊ, छप्पन्न वर्षांचा. दुकानात तो काडी इकडची तिकडे करत नसे, पण रोज सकाळी येऊन आपली हॅट खुंटीला टांगायचा आणि दिवसभर शेगडी उबवत बसायचा. आता तो जायला निघालाच होता. कोरडी ठणठणीत हॅट डोक्यावर ठेवत त्याने चुकचुक केलं.

"शुक्रवारीच म्हटलं होतं मी तुला, व्हर्ना."

"तू तोंड बंद ठेव. आणि ते बूट आधी बाहेर ने, सगळ्या फरशीवर तळं केलंयस!"

बाहेर सकाळपासून ओला, जड बर्फ पडत होता. वायोमिंगमध्ये मे महिन्यातही तो अंत बघतो. व्हर्नाच्या स्वतःच्या हॅटवरून पाणी मानेत गळत होतं, आणि त्यात शुक्रवारची आठवण निघाल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शुक्रवारी संघाच्या बैठकीत तिने सांगून टाकलं होतं की एक जूनपासून हे दुकान मायतेचं. सभेत असा गिल्ला झाला होता, जणू तिने गावाचं पाणीच विकलं. मेंढरंवाल्याच्या पोरीने गुरंवाल्यांच्या डोक्याला हात लावायचा म्हणजे काय!

तिथपर्यंत ठीक होतं. पण राग आला की व्हर्नाच्या जिभेला लगाम राहत नसे. जे बोलायचं नव्हतं तेच ती बोलली.

"खरं सांग, मायते. तू घेतलीस का?"

हातातलं ओलं फडकं मायतेने घडी करून टेबलावर ठेवलं आणि ती व्हर्नाकडे बघू लागली.

२

प्रश्न विचारल्या क्षणी व्हर्नाला आपली जीभ चावावीशी वाटली. पण ती माफी मागणाऱ्यातली नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि उलटतपासणी सुरू केली, जणू काही झालंच नव्हतं.

"मी बाराला अंत्यविधीला गेले. त्यानंतर कोण कोण आलं?"

"सव्वाबाराला मिस्टर ब्रॅडिन." म्हणजे क्लीटस ब्रॅडिन, जोसायाचा नातू आणि संघाचा अध्यक्ष. "म्हणाले, आजोबांची हॅट बघायचीय. बघितली. मला म्हणाले, हात धुतलेस का? मेंढरांचा वास लागतो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, धुतले. पण तुम्ही मगाशी शेक-हँड केलात, आता परत धुवावे लागतील."

एरवी व्हर्ना हसली असती. "पुढे?"

"ते गेले. मी मागे जाऊन किटली चढवली. साडेबाराला रॉस्को टीग आले, त्यांच्या हॅटची कड पडली होती. ती घेऊन मी मागे वाफेवर गेले. पंधरा मिनिटं लागली. ते पुढे बसले होते. मग ते गेले. त्यानंतर कुणी नाही."

"थोर्वाल?"

"ते होतेच की. त्यांची हॅट खुंटीला होती सगळा वेळ."

व्हर्नाने मान हलवली. सॉरेल क्रीकमध्ये हॅट खुंटीला म्हणजे माणूस घरात. इथला पुरुष एकवेळ पँटशिवाय बाहेर जाईल, हॅटशिवाय जाणार नाही. आणि दुकानात थोर्वालची मोजदाद शेगडीइतकीच होती.

म्हणजे उरले दोघं. क्लीटस, जो हॅटपाशी एकटा उभा होता. आणि रॉस्को टीग, लिलाव पुकारणारा, ज्याच्या घरी एकशेदहा जुन्या हॅट भिंतीला होत्या आणि जो दरवर्षी ब्रॅडिनच्या हॅटकडे मांजराने दुधाकडे बघावं तसा बघे.

ती आधी क्लीटसकडे गेली. त्याने तिला आत बोलावलंही नाही.

"मी माझ्याच आजोबांची हॅट चोरीन?" तो म्हणाला. "व्हर्ना, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? उद्या सकाळी शेरिफला सांगून त्या पोरीच्या खोलीची झडती घेतो की नाही बघ."

"घ्या. आणि काही मिळालं नाही तर भर रस्त्यात तिची माफी मागायची, क्लीटस. गुडघ्यावर बसून."

दुसऱ्या दिवशी रविवार. मायते तिच्या चर्चमधून परत येत होती तेव्हा दुकानाच्या बाहेरच्या जिन्यावर गर्दी दिसली. तो जिना वर तिच्या खोलीकडे जायचा. शेरिफ हायरम पोग दारात उभा होता, आणि त्याच्या हातात जोसाया ब्रॅडिनची हॅट होती.

"हिच्या ट्रंकेत मिळाली," तो म्हणाला. "कपड्यांच्या खाली."

३

"तिला सोड, हायरम!"

"ओरडू नकोस, व्हर्ना. ऑफिस आहे हे."

शेरिफच्या ऑफिसमागे एकच कोठडी होती. मायते तिच्यात बाकावर ताठ बसली होती. सोमवारी सकाळी दहाला न्यायाधीश येणार होते. संघाला तिला शिक्षा करून इतरांना जरब बसवायची होती, हे शेरिफने लपवलंही नाही. दोन वर्षं तरी आत, असं बाहेर ओट्यावर बसलेले लोक आधीच ठरवून मोकळे झाले होते. आणि तुरुंगातून आलेल्या पोरीला या मुलुखात कुणी झाडूही हातात देणार नाही.

"खोलीला कुलूप असतं का?" व्हर्नाने विचारलं.

"नसतं," मायते आतून म्हणाली. "माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे?"

"ऐकलंस, हायरम? ती चर्चमध्ये असताना कुणीही वर जाऊ शकतं."

"कुणीही?" शेरिफने हॅट टेबलावर ठेवली, माथा खाली आणि कड वर, जशी इथे शेंबडं पोरही ठेवतं. "हे बघ. ट्रंकेत ही अशीच माथ्यावर ठेवलेली होती. आणि आतला चामडी पट्टा बाहेर उलटवलेला. भिजलेल्या हॅटचा पट्टा उलटवायचा, म्हणजे चामडं आकसत नाही, हे कोण करतं? हॅटवाला करतो. तुझ्या दुकानात हॅटवाले किती? तू आणि ती. तू तर अंत्यविधीला होतीस."

त्याचं म्हणणं इतकं बिनतोड होतं की व्हर्नाला त्याचा गळा दाबावासा वाटला. तिने हॅट उचलली. चाळीस वर्षं ती ही हॅट हाताळत होती. डोळे मिटूनही तिला ती ओळखू आली असती.

आणि बोटं आत गेली तशी ती थबकली. ही हॅट ती नव्हती. म्हणजे होती तीच. आत तेच लाल रेशमी अस्तर, त्यावर सोनेरी अक्षरांत तेच नाव. पण जोसाया ब्रॅडिनचं डोकं गोल होतं, भोपळ्यासारखं. आता हॅटचं तोंड लांबट झालं होतं आणि मागे, डाव्या कानाच्या वर, फेल्ट बाहेर फुगलं होतं.

"हायरम, ही भिजली. नुसती भिजली नाही, कुणाच्या तरी डोक्यावर भिजली आणि डोक्यावरच सुकली. ओलं फेल्ट ज्या डोक्यावर सुकतं त्याचा आकार घेतं. पट्टा त्याने नंतर उलटवला, सवयीने. तोवर उशीर झाला होता."

"मग हिनेच घातली असेल."

"हिच्या डोक्यावर ही नाकापर्यंत येईल, गाढवा!"

"वाफेने वाटेल तो आकार देता येतो. तूच देतेस."

व्हर्नाने दात खाल्ले. मग पर्समधून शिशाची मऊ पट्टी काढली. हॅटच्या आतून ती अलगद फिरवली, दाबली, काढली, कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली.

"यावर सही कर. तारीख आणि वेळ टाक. म्हणजे उद्या म्हणू नकोस की व्हर्नाने घरी नेऊन वाफ दिली."

शेरिफने कुरकुरत सही केली. कोठडीतून मायते म्हणाली, "मिस व्हर्ना, काल तुम्ही मला विचारलंत."

"माहितीय," व्हर्ना म्हणाली, आणि मागे न बघता बाहेर पडली.

४

रॉस्को टीगच्या बैठकीत त्या एकशेदहा हॅट चारी भिंतींवरून खाली बघत होत्या. तो स्वतः त्यांच्यामध्ये कुत्रं अंगावर घेतल्यासारखा एक जुनी काळी हॅट मांडीवर घेऊन मऊ ब्रशने झाडत होता. उजवीकडून डावीकडे, गोल गोल, फेल्टच्या वळणाने.

"मला ती हवी होती, हे मी कधी नाकारलं?" तो म्हणाला. "पण हवी होती म्हणजे मांडायला हवी होती, व्हर्ना. चोरलेली हॅट भिंतीला लावता येते का? मग ती घेऊन करू काय, अंथरुणात घेऊन झोपू?"

हे मात्र खरं होतं. मिरवता येत नाही ती वस्तू रॉस्कोच्या काय कामाची?

"मायते मागे होती तेव्हा तू पंधरा मिनिटं एकटा होतास."

"एकटाच होतो. पण माझी हॅट तिच्याकडे वाफेवर होती ना! बोडका बाहेर जाऊ? त्या बर्फात?"

"थोर्वाल होता ना तुझ्यासोबत?"

"खुर्ची रिकामी होती. त्याची हॅट होती खुंटीला. म्हटलं मागे संडासात गेला असेल. बराच वेळ लावतो बुवा तुझा भाऊ."

व्हर्ना तडक लव्हीनाच्या खानावळीत गेली. लव्हीना ही काल पुरलेल्या मिसेस ग्रिंडलची भाची. गावात कोण काय करतं हे तिला नवऱ्याआधी कळे. तिने विचारायच्या आधीच कॉफी ओतली.

"शोधतेस ना? मग माझंही एक गाऱ्हाणं लिहून घे," लव्हीना म्हणाली. "काल मावशीला नेताना मी पहिल्या मोटारीत होते. रस्त्यात जो तो बर्फात बोडका उभा होता. ब्रॅडिन, तो टीग, सगळे हॅट छातीशी धरून. आणि स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये एक मेला शेगडीपाशी उभा, पाठ खिडकीकडे, आणि डोक्यावर हॅट! मावशीची पेटी दहा हातांवरून गेली, तरी त्याने हॅटला हात लावला नाही. काचेवर पाणी होतं, नाहीतर नाव घेऊन शिव्या दिल्या असत्या."

"परगावचा असेल."

"परगावचा? घडी आपल्या गावची होती, व्हर्ना. ब्रॅडिनची घडी."

कॉफी व्हर्नाच्या हातात तशीच राहिली. शवयात्रा पुढून जातेय आणि सॉरेल क्रीकचा माणूस हॅट काढत नाही? तो एक वेळ मरेल. मग का नाही काढली? कारण काढली असती तर आतलं लाल अस्तर दिसलं असतं. ते अस्तर गावातल्या कुठल्याच दुसऱ्या हॅटला नव्हतं. आणि भर रस्त्यात काढावी लागू नये म्हणूनच तो यात्रा येताना दिसताच स्टेशनात शिरला होता.

"किती वाजता?"

"एकला पाच कमी. बर्फात मोटारी मुंगीच्या चालीने जात होत्या. अर्धा तास रस्ता अडला होता."

अर्धा तास, शेगडीपाशी, ओली हॅट डोक्यावर. फेल्ट सुकायला तेवढं पुरे. मग तो कोण? क्लीटस आणि रॉस्को दोघंही रस्त्यात बोडके उभे होते, लव्हीनाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

म्हणजे तिचे दोन्ही संशयित गेले. आता तिच्याकडे एक कागद होता आणि एक डोकं, ज्याला नाव नव्हतं.

५

व्हर्नाच्या बापाने, गुनार स्टोरलीने, दुकानाबरोबर दोन यंत्रं ठेवली होती. एक डोक्यावर मुकुटासारखं बसवायचं. त्याच्या पट्ट्या डोक्याला चिकटत आणि वर एका कार्डावर टाचण्यांनी त्या डोक्याची छोटी आकृती टोचली जाई. दुसऱ्यात ते कार्ड घालून खिळी आवळली की लाकडी फळ्या सरकत आणि तेच डोकं पूर्ण मापात उभं राहत असे. गावातल्या हॅट घेणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड खणात होतं. कुणाचं डोकं चेंडू, कुणाचं बटाटा. घोड्याची लाथ, पाळण्यातून पडणं, सगळं त्यात आलं. दोन डोकी कधी सारखी नसतात, असं बाप म्हणायचा.

रविवारी दुपारी तीनपासून ती कार्डं लावत बसली. खिळी आवळायची, फळ्या कागदावरच्या रेषेवर धरायच्या, सोडायच्या. आधी क्लीटसचं लावलं, खात्रीसाठी. नाही. रॉस्को, नाही. शेरिफ पोगचंही लावलं, केवळ रागाने. त्याचं डोकं मागून इतकं चपटं होतं की तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

सहापर्यंत जिवंत माणसांचा खण संपला. कोणाचंच जुळलं नाही. खालच्या खणात मेलेल्यांची कार्डं होती. तिने तीही काढली. वेड्यासारखं होतं ते, पण सोमवारचे दहा वाजायचे थांबणार नव्हते.

खणाच्या तळाशी शेवटचं कार्ड राहिलं. तिने नाव न बघताच ते यंत्रात घातलं आणि खिळी आवळली. फळ्या लांबट सरकल्या. डाव्या कानाच्या मागे एक फळी बाहेर आली. तिने यंत्र कागदावर ठेवलं.

कुठेही केसाइतकी फट राहिली नाही.

तिने कार्ड बाहेर काढून उलटवलं. मागे तिच्याच कोवळ्या वयातल्या अक्षरात लिहिलं होतं: गुनार स्टोरली. बाप मरून सोळा वर्षं झाली होती.

व्हर्ना खुर्चीत बसून राहिली. तिला भुताखेताचा विचार क्षणभरही शिवला नाही. तिला आठवलं ते इतकं साधं होतं की लाज वाटली. जिवंत माणसांच्या खणात एक कार्ड नव्हतंच. गावात एकच पुरुष असा होता, ज्याने आयुष्यात कधी हॅट विकत घेतली नाही. ज्याला बापाच्या जुन्या हॅट वाफ न देताच बसायच्या.

तिच्या डोक्यात रक्त उसळलं. "थोर्वाल," ती रिकाम्या दुकानाला म्हणाली. "तुझा मुडदा बसवला!"

६

सोमवारी नऊ वाजता शेरिफचं ऑफिस भरलं. क्लीटस आला, रॉस्को आला, लव्हीना कुणी बोलावलं नसताना आली. थोर्वालला व्हर्नाने स्वतः दंडाला धरून आणलं. "तूही ये, शेवटी घरचं दुकान आहे," असं ती म्हणाली होती, आणि तो खुशीत आला होता.

"क्लीटस, आजोबांची हॅट घाल," व्हर्ना म्हणाली.

"हा काय पोरखेळ आहे?"

"घाल म्हणते ना!"

क्लीटसच्या डोक्यावर हॅट दोन्ही बाजूंनी अडली आणि पुढेमागे डुलू लागली. रॉस्कोच्या थेट कानांवर उतरली. लव्हीना खुदकन हसली.

"थोर्वाल, आता तू."

"मी कशाला?" थोर्वाल म्हणाला. "माझा काय संबंध? मी तर दुकानातच होतो."

"कोण म्हणतं?"

"मायतेच म्हणते ना!"

"मायते म्हणते तुझी हॅट दुकानात होती. रॉस्को म्हणतो तुझी हॅट खुंटीला होती आणि खुर्ची रिकामी होती. तू दुकानात होतास, असं एकही माणूस म्हणत नाही, थोर्वाल. सगळ्यांनी हॅट पाहिली आणि माणूस धरून चालले. मीसुद्धा." तिचा आवाज चढत गेला. "क्लीटस गेला आणि मायते किटली चढवायला मागे गेली. तू कापडाखाली गवताची हॅट सरकवलीस, ब्रॅडिनची हॅट डोक्यावर चढवलीस आणि स्वतःची खुंटीला ठेवून पुढच्या दाराने निघालास. एकसारख्या घडीच्या गावात कुणाला काय कळणार? समोरून यात्रा आली. हॅट काढणं भाग होतं आणि काढता येत नव्हती, म्हणून स्टेशनात शिरलास. तिथे ती तुझ्या डोक्यावर सुकली. मग घरी नेऊन, बापाकडे बघून लागलेल्या सवयीने पट्टा उलटवून ठेवलीस आणि मायतेची नजर चुकवून मागच्या दाराने बोडका परत आलास. मी आले तेव्हा तुझ्या बुटांखाली तळं होतं आणि हॅट कोरडी! दिवसभर शेगडीपाशी बसलेल्या माणसाचे बूट कशाने भिजले रे? आणि काल, ही पोर देवाच्या दारात असताना, तिच्या ट्रंकेत हात घातलास."

"सगळ्या कल्पना आहेत," थोर्वाल म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"मग घाल. बसली नाही तर मी सगळ्यांसमोर तुझे पाय धरीन."

शेवटी शेरिफनेच हॅट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. दाबावी लागली नाही की सरकवावी लागली नाही. डाव्या कानामागचा फुगवटा आपल्या जागी बसला आणि हॅट अशी शोभली, जणू जोसाया ब्रॅडिनने ती थोर्वालसाठीच बनवून घेतली होती.

थोर्वालने ती ओरबाडून काढली. "हो! घेतली! बापाने हाडं झिजवून उभं केलेलं दुकान तू मेंढरंवालीच्या पदरात टाकणार? मला एका शब्दाने विचारलंस? मी नव्हतो का?"

"तू होतास, थोर्वाल. तीस वर्षं खुर्चीत होतास. एका हॅटला तरी ब्रश लावलास?"

शेरिफने खाकरून घसा साफ केला. त्याने क्लीटसकडे पाहिलं, क्लीटसने छताकडे. "हॅट मिळाली ना? मग झालं," क्लीटस म्हणाला. "बहीणभावांचा मामला आहे. घरातल्या घरात मिटवा. उगाच कोर्टकचेरी कशाला?"

व्हर्ना असा आवाज काढून हसली की लव्हीनाही मागे सरकली.

"काल हिच्यासाठी कोठडी आणि आज याच्यासाठी घरातल्या घरात? तीच हॅट, तीच चोरी! फक्त डोकं बदललं, म्हणून कायदा बदलला? हायरम, तक्रार लिही. फिर्यादी व्हर्ना स्टोरली, आरोपी थोर्वाल स्टोरली. सख्खा भाऊ, हेही लिही. आणि दहाला न्यायाधीशांसमोर हाच उभा राहील, नाहीतर ही सगळी हकीकत मी चौकात उभी राहून सांगेन."

शेरिफने लिहिलं. मग किल्ली घेऊन कोठडी उघडली.

मायते बाहेर आली. क्लीटसच्या पुढून गेली, थोर्वालच्या पुढून गेली. व्हर्नापाशी क्षणभर थांबली. सगळ्यांना वाटलं आता गळामिठी होईल. ती म्हणाली, "ट्रंक न्यायला संध्याकाळी बाबा येतील," आणि निघून गेली.

७

मंगळवारी क्लीटस हॅट घेऊन दुकानात आला. बुधवारी स्थापनादिन होता, आणि आजोबांच्या हॅटला चोराच्या डोक्याचा आकार! वाफ देऊन पहिल्यासारखी करून दे, असं तो चक्क विनवत होता.

"असं फुगलेलं फेल्ट परत आत बसवायला माझी बोटं आता चालत नाहीत," व्हर्ना म्हणाली. "जिची चालतात तिला तुम्ही चोर म्हणालात. यंदा अशीच ठेवा काचेत. शोभते तुम्हाला."

त्याच्या तोंडावर दार लावून ती गाडीत बसली आणि बावीस मैलांवर, इरिगारेंच्या, म्हणजे मायतेच्या घरच्या, मेंढ्यांच्या तळावर गेली. कोकरं जन्मायचे दिवस होते. मायते चिखलात गुडघे टेकून एका अशक्त कोकराला बाटलीने दूध पाजत होती. तिने मान वर केली नाही.

"चुकले मी," व्हर्ना म्हणाली. हे शब्द ती आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होती.

"तुम्ही विचारलंत, ते रागात विचारलंत?" मायते म्हणाली. "की खरंच वाटलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. बावीस मैल व्हर्ना तेच ठरवत आली होती.

"वाटलं होतं. एक क्षण. मेंढरंवाल्याची पोर, असं आलं मनात. त्या क्लीटससारखंच."

मायते उठली. तिने आपल्या भाषेत जे काय सुनावलं ते व्हर्नाला एक अक्षर कळलं नाही, आणि सगळं कळलं. पाच मिनिटं ते चाललं. तळावरची कुत्री गप्प झाली. मग तिने बाहीने डोळे पुसले.

"दुकान मला हवंय, व्हर्ना," ती म्हणाली. मिस नाही, काही नाही. "ते मी कमावलंय. पण दारावर स्टोरली लिहिलंय. तुझ्या बापाचं नाव, तुझ्या भावाचं नाव. त्या पाटीखाली मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

बुधवारी सकाळी बँडबाजा सुरू झाला तेव्हा व्हर्ना शिडीवर होती. हातात पत्र्याचा खरवडा घेऊन ती बापाची सोनेरी अक्षरं एकेक करून काढत होती. मिरवणुकीच्या पुढे चाललेला क्लीटस खाली थांबला. हॅट पहिल्यासारखी होईल, अशी त्याला अजून आशा होती.

"म्हणजे येतेय ती? काय नाव लिहिणार आता?"

"तिचं. इरिगारे."

"कसं लिहितात ते? स्पेलिंग काय?"

खरवड्याखालून शेवटचं अक्षर सुटून तिच्या बाहीवर पडलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "चार वर्षं राबवून घेतलं मी तिला, क्लीटस. आडनाव कसं लिहितेस, एवढं कधी विचारलं नाही."